निळू धुरीची माया अठ्ठावन्न

अहवाल आला त्या दुपारी मी पेटीचा भाता चिकटवत बसलो होतो. निळू धुरी घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "बुवा, वाच. मी नापास झालंय."

चष्मा शोधून मी वाचलं. 'धीर ब्याऐंशी, माया अठ्ठावन्न.' त्याच्याखाली दुसरी ओळ, 'माया त्र्याण्णव, धीर पंचावन्न.' आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत, 'पट्टा दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी वापरल्याचा संशय. मापन अग्राह्य.'

"दोन व्यक्ती? दुसरी खंयची मेली?" मी म्हटलं.

"दुसरीय मीच," निळू म्हणाला आणि पायरीवर मटकन बसला.

आता हा निळू कोण ते सांगतो. सांगताना बढाई मारणार आहे, आणि त्याबद्दल माफीबिफी मागणार नाही. निळकंठ धुरी हा आमच्या दशावतारी कंपनीचा स्त्रीपार्टी. बावीस वर्षं तो द्रौपदी होतो, मंदोदरी होतो, तारामती होतो. लुगडं नेसून तो पडद्याबाहेर आला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावूनच बसतात. आमच्या कंपनीची एक रीत आहे. स्त्रीपार्टीने कुंकू लावलं की खेळ संपेपर्यंत त्याला पुरुषाच्या नावाने हाक मारायची नाही. मालकसुद्धा त्याला 'बाय' म्हणतो आणि त्याच्यासमोर विडी पेटवत नाही. मी सगुण मेस्त्री, वय सदुसष्ट, पंचेचाळीस वर्षं पेटी वाजवतोय. चार स्त्रीपार्टी माझ्या पेटीवर गायले. निळूच्या नखाची सर एकालाही नव्हती, आणि त्यातला एक माझा सख्खा भाऊ होता.

निळूची भाची दुर्वा, सहा वर्षांची. दोन वर्षांमागे तिचे आईबाप महामार्गावरच्या अपघातात एकाच गाडीत गेले. तेव्हापासून पोर मामाकडे. त्याच्याच ताटात जेवते, त्याच्याच कुशीत झोपते. निळूचं लग्न झालेलं नाही. आणि नव्या कायद्यानुसार एकट्या माणसाला मूल सांभाळायचं असेल तर पट्टा बांधून मोजून घ्यावं लागतं. धीर आणि माया, दोन्ही आकडे साठाच्या वर हवेत. जोडपं असेल तर दोघांचे मिळून चालतात. दुर्वासाठी वाशीचं एक जोडपं यादीत तयारच होतं. मी त्यांना भेटलोय. माणसं चांगली आहेत, उगाच वाकडं कशाला बोलू? पण निळू पास झाला तर पोर आमच्या वाडीत राहणार होती, आणि नापास झाला तर पुढच्या सोमवारी वाशीला जाणार होती.

हा पट्टा काय प्रकार आहे ते मला ओरोसच्या कचेरीत कळलं होतं. पालकत्व मंडळाच्या डॉ. चारुता सोहनी यांनी तो निळूच्या मनगटाला बांधला, तेव्हा मी सोबत होतो. बाई पुण्याकडची, चाळिशीतली, बोलायला नेमकी. मी विचारलं, "माया काय किलोत मोजतात?" ती हसली नाही, पण तिने कागद पुढे ओढला.

"फार पूर्वी मानसशास्त्रात एकच पट्टी होती," ती म्हणाली आणि तिने एक रेघ मारली. "एका टोकाला पुरुष, दुसऱ्या टोकाला बाई. माणूस जितका प्रेमळ, तितका कमी कणखर, हे ती पट्टी धरूनच चालायची. मग सत्तर वर्षांपूर्वी काही जणांनी विचारलं, पट्ट्या दोन का नसाव्यात? एक कणखरपणाची, एक मायेची. एक वाढली म्हणून दुसरी कमी व्हायचं कारण काय?" पहिली रेघ खोडून तिने दोन उभ्या रेघा काढल्या. "मोजून पाहिलं, तर काही माणसं दोन्हींत वर निघाली. बाया निघाल्या, बाप्येही निघाले. आणि वेळ येईल तसं वागायला हीच माणसं जास्त मोकळी होती."

"म्हणजे अर्धनारी," मी म्हटलं.

"नाही बुवा, अर्धं काहीच नाही. दोन्ही पुरतं."

हे मला आवडलं. मग तिने सांगितलं, की आधी लोक प्रश्नपत्रिका भरायचे. पण प्रश्नपत्रिकेत माणूस स्वतःला हवा तसा रंगवतो. म्हणून हा पट्टा आला. तो नाडी बघतो, घाम बघतो, आवाजातला ताण ऐकतो. समोर काही अडलं, कुणी पडलं, कुणी रडलं, की पहिल्या दोन सेकंदांत शरीर ठरवतं, पुढे व्हायचं की जवळ घ्यायचं. मनाची सारवासारव त्यानंतर सुरू होते. पट्टा ते दोन सेकंद पकडतो. अशा शेकडो क्षणांवरून दोन आकडे निघतात. नोकऱ्यांसाठी हे आधीपासून चालू होतं. हल्ली तर मुलीच्या स्थळाच्या माहितीतही उंचीच्या खाली धीर-माया लिहितात.

"सात दिवस काढायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बाकी नेहमीसारखं राहा."

नेहमीसारखं! ऐन जत्रांच्या दिवसांत दशावतारी माणसाला हे सांगायचं! त्या सात दिवसांत आमचे पाच खेळ होते. काढायचा नाही म्हटल्यावर निळूने पट्टा चुड्याच्या खाली सरकवला आणि उभा राहिला द्रौपदी होऊन. विचारावं असं आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मालक तर म्हणाला, "सरकारी हुकूम तो सरकारी हुकूम." यंत्राला बिचाऱ्याला दिवसा एक माणूस दिसला आणि खेळात दुसरीच बाई.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओरोसला गेलो. मुलाला सोबत आणायचा नियम आहे, म्हणून दुर्वा होती. पाठीवर तिची शाळेची निळी बॅग होती, ती कुठेही गेली तरी घेतेच. आणि माझी पेटी होती, कारण तिथून परस्पर वालावलीला खेळाला जायचं होतं.

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. "म्हणजे हे त्र्याण्णव नाटकातले आहेत? धुरी, मग ते धरता येणार नाहीत. पाठ केलेली वाक्यं, पाठ केलेलं रडणं. त्यातून तुम्ही चांगले नट आहात एवढंच कळतं. आणि तरी तेव्हा धीर पंचावन्नच. उरला दिवसाचा आकडा. त्यात माया अठ्ठावन्न."

"पाठ कुणी केलं?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मंगळवारचं द्रौपदीचं भाषण म्हणायला सांगा त्याला. हे इथे, आत्ता."

तिने निळूकडे पाहिलं. निळूने मान हलवली. "माका काय्येक आठवणा नाय, बाईनू."

"आमच्याकडे लिहिलेलं काही नसतं, डॉक्टरीणबाई," मी सांगितलं. "खेळाआधी मालक गोष्ट सांगतो. कोण कुणाला भेटणार, कोण मरणार. बस्स. बोलायचं ते उभं राहिल्यावर ज्याचं त्याने बोलायचं. आज द्रौपदी जे बोलली ते उद्या बोलणार नाही. पोटात असेल तेच ओठावर येणार, दुसरीकडून कुठून येणार?"

बाईने नोंदी पुढ्यात घेतल्या. मग म्हणाली, "बरं. पण मग दिवसा ती माया जाते कुठे? या नोंदी पाहा. गुरुवारी सकाळी मुलगी पडली. इथे तिचं रडणं ऐकू येतंय. यांनी तिला उचललं नाही. लांबून 'ऊठ' म्हणाले. शरीरसुद्धा आवळून घेतलेलं."

निळू खाली मान घालून बसला. ते कुठून आलं हे मला माहीत होतं. गुरुवारी दुर्वा तिठ्यावर पडली, तेव्हा समोर दुकानाच्या बाकावर चार बाप्ये बसले होते.

"ते माझं पाप आहे," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "हा सोळा वर्षांचा असताना कंपनीत आला. स्टँडवरची टवाळ पोरं ह्याला 'बायलो' म्हणून हाका मारायची. एकदा रडत आला. तेव्हा मी ह्याला शिकवलं. म्हटलं, लुगडं सुटलं की बाप्या हो. आवाज जाड ठेव, चाल जड ठेव, चारचौघांत कुणाला कुरवाळू नको, डोळ्यात पाणी दाखवू नको. बावीस वर्षं पोर माझं ऐकतोय. डॉक्टरीणबाई, नाटक तो रात्री करत नाही. नाटक तो दिवसा करतो, आणि ते मी बसवलंय."

"बुवा, गप रव," निळू हळूच म्हणाला.

"नाही राहत गप! आजपर्यंत राहिलो तेच चुकलं. दोन गुणांनी पोर चाललीय तुझी."

डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद चाळत राहिली. "शरीराला सवय लागते, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण हे मी अहवालात लिहू शकत नाही. तुमच्यावर माझा विश्वास बसून उपयोग नाही. मला दोन्ही आकडे एकाच माणसात, एकाच वेळी वर दिसायला हवेत. नियमात एक फेरतपासणी आहे. एकच, माझ्यासमोर. कधी करायची?"

"आताच," निळू म्हणाला.

तिने पट्टा बांधला आणि भिंतीवरचा पडदा चालू केला. दोन उभे पट्टे दिसायला लागले, धीराचा निळा आणि मायेचा केशरी. साठावर एक आडवी रेघ. मी पेटी टेबलावर चढवली. आवाज ऐकून शिपाई आत आला, मग दोन कारकून बायका आल्या. दुर्वा कोपऱ्यातल्या बाकावर पाय हलवत बसली.

"माका गोष्ट सांगा," निळू म्हणाला. "मालक सांगता तशी."

बाईने विचार केला. तिच्या मनात खोट नव्हती हे मी आजही सांगेन. तिला मायाही लागेल आणि धीरही लागेल अशी गोष्ट हवी होती. "कुंती," ती म्हणाली. "कर्णाला नदीत सोडते तो प्रसंग."

मी मनात तिच्या सात पिढ्या काढल्या आणि सूर धरला.

निळूच्या अंगावर लुगडं नव्हतं, कुंकू नव्हतं. चुरगळलेला शर्ट, पायात रबरी चपला. त्याने चपला काढल्या. दोन पावलं चालला, आणि कचेरीत कुंती आली. खोटं वाटत असेल तर त्या शिपायाला विचारा, तो हातातली फाईल घेऊन तसाच भिंतीला टेकला. निळूने ओंजळीत बाळ घेतलं. नुकतं जन्मलेलं मूल जसं जड लागतं, तसा त्याचा हात खाली गेला.

"एवढासा तुझा पाय," कुंती म्हणाली, "माझ्या अंगठ्याएवढी तुझी टाच. मी मोजून ठेवली. पुढे कधी वाटेत पाऊल उमटलेलं दिसलं तर ओळखता यावी म्हणून."

पडद्यावर केशरी पट्टा सत्तरवर गेला, मग ऐंशीवर, मग नव्वदवर. निळा घसरायला लागला. साठ, पंचावन्न, बावन्न. डॉक्टरीणबाईच्या तोंडून हलकेच "पुन्हा तेच" असं निघालं. मला तेवढंच ऐकू आलं. हात पेटीवर चालूच ठेवले.

"लोक विचारतील, कुणाचं पोर? मी काय सांगू? माझ्याकडे तुझ्यासाठी घर नाही, नाव नाही," कुंती बोलत होती. "जा बाळा. मला ठेवता येत नाही तुला. पलीकडे चांगली माणसं आहेत. ती तुला..."

आणि निळू थांबला.

मी मान वर केली. दुर्वा बाकावरून उतरली होती. रडत नव्हती, काही बोलत नव्हती. बाजूला ठेवलेली निळी बॅग तिने पाठीवर घेतली होती, दोन्ही पट्टे नीट खांद्यावर बसवले होते, आणि दाराजवळ जाऊन उभी राहिली होती. वाशीची गोष्ट आठ दिवस घरात चालली होती. पोरीने 'जा बाळा'चा आपल्यापुरता अर्थ लावला आणि निघाली.

बावीस वर्षांत मी निळूला खेळ अर्धा टाकताना पाहिलेला नाही. एकदा अंगात ताप असताना त्याने पहाटेपर्यंत मंदोदरी केली. एकदा रंगमंचाचं फळकूट मोडून पाय आत गेला, तर गुडघ्यातून रक्त येत असताना त्याने शोक पुरा केला. तो निळू वाक्याच्या मध्येच कुंतीला सोडून धावला. चौघं अनोळखी बघत होते, एक बाप्या होता त्यांत. तो फरशीवर गुडघे टेकून बसला, बॅग काढली, पोरीला छातीशी धरली आणि तिच्या केसांवरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवायला लागला.

"तुका खंयच जावचा नाय गो माझ्या बाये," तो म्हणाला. "ता नाटक होता. मामा हय आसा. मामा हयच आसतलो."

"मग तू का सांगितलंस जा म्हणून?" आता तिला रडू फुटलं.

"चुकलंय. पुन्ना नाय सांगूचंय. कध्धीच नाय."

मग तिला कडेवर घेऊन तो उठला आणि टेबलासमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही. त्याचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. द्रौपदीचा नव्हता, आणि मी शिकवलेला जाडा आवाज तर नव्हताच नव्हता.

"बाईनू, खेळ बंद. माझ्या पोरीसमोर पोर सोडूचा नाटक मी करूचंय नाय. नापास करा. वरच्या कोर्टात जाईन, तिथनं आणखी वर जाईन. ओझी वाहीन, धोंडे फोडीन, काय लागतला ता करीन. पण ही आता माझ्याबरोबर घराक जातली. तिका भूक लागली आसा."

त्याने मनगटाचा पट्टा एका हाताने सोडवायला घेतला. तो सुटेना, तेव्हा दातांनी ओढायला लागला. पडद्याकडे त्याची पाठ होती. मी मात्र बघत होतो, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. केशरी पट्टा शहाण्णववर होता. आणि निळा, बावन्नवर बुडालेला निळा, त्याच्या खांद्याला खांदा लावून एक्क्याण्णववर उभा होता. दोन्ही तिथेच थांबले होते, खाली यायचं नाव घेत नव्हते.

"धुरी," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिने चष्मा काढून हातात धरला होता. "पट्टा दातांनी तोडू नका, सरकारी आहे. बसा."

"बसूचंय नाय."

"बसा हो. सही राहिलीय."

निळूला समजलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. त्याने वळून पाहिलं. फार वेळ पाहिलं नाही. दुर्वाच्या गालावरचं नाक-पाणी त्याने स्वतःच्या बाहीने पुसलं आणि खुर्चीवर बसला, तिला मांडीवर घेऊन.

"बारा वर्षं हे काम करतेय," बाई कागद काढत म्हणाली. "दोन्ही एवढे वर, एकाच वेळी, मी पुस्तकातच वाचले होते." एवढंच. ती जास्त बोलणारी नव्हतीच. शिपाई मात्र बाहेर जाऊन सगळ्या कचेरीला सांगून आला.

तिने पालकत्वाचा दाखला टेबलावर ठेवला. खाली सहीसाठी दोन चौकटी होत्या, डावीकडे 'आई', उजवीकडे 'वडील'. एकटा माणूस असला की नको असलेली चौकट खोडायची, असं तिथे बारीक अक्षरात छापलं होतं. निळूने पेन घेतलं आणि विचारलं, "खंयची खोडू?"

"एकही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "दोन्हींत करा."

निळूने दुर्वाला सावरत, जीभ दातांत धरून, डावीकडे सही केली, निळकंठ धुरी. मग उजवीकडे केली, निळकंठ धुरी. अक्षर दोन्हीकडे सारखंच, शाळकरी पोरासारखं गोल. त्याखाली साक्षीदाराची ओळ होती. तिथे मी सही केली, सगुण मेस्त्री. सही अशी ठसठशीत केली की खालच्या कागदावरसुद्धा उठली.